बेने इस्रायली कब्रस्तानाची अभ्यासभेट : वंशावळ शोधणाऱ्या गटासाठी मार्गदर्शिका

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर अलिबाग, पेण, रोहा, पनवेल, मुरूड, म्हसळा या भागांत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठीभाषक ज्यू समाजाला बेने इस्रायली म्हणतात. तेलघाणा हा त्यांचा जुना व्यवसाय होता आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या रिवाजामुळे गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला स्थायिक झाला. गावांतली घरे विकली गेली, काही सिनेगॉगना दैनंदिन प्रार्थनेपुरतीही माणसे उरली नाहीत, आणि कब्रस्ताने मात्र जागेवर राहिली. आता मुंबई, ठाणे, पुणे येथील कुटुंबे आणि अश्दोद, लोद, दिमोना, बेरशेबा येथे वाढलेली नातवंडे आपल्या पूर्वजांचे दगड शोधत कोकणात येतात. दहा-पंधरा जणांच्या अभ्यासगटाने अशी भेट कशी आखावी, दगड कसे वाचावेत आणि वाचलेले कसे नोंदवावे, हे येथे अलिबागजवळचे नवगाव आणि त्याभोवतालची गावे डोळ्यांपुढे ठेवून सांगितले आहे. पद्धत मात्र मुरूडपासून पनवेलपर्यंत कुठेही वापरता येईल.

घरी करावयाचा अभ्यास

कब्रस्तानात जाणे ही वंशावळीच्या कामातली पहिली पायरी समजली, तर दिवस बहुधा वाया जातो. पणजोबांचे नाव एवढ्या एका धाग्यावर निघालेला माणूस चाळीस दगड पाहून गोंधळून परततो, कारण त्यांतल्या पाच-सहा दगडांवर तेच नाव असते. म्हणून प्रत्येक सदस्याने भेटीपूर्वी स्वतःच्या कुटुंबाचा एक पानभर तक्ता तयार करावा. त्यात नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, माहेरचे आडनाव, मृत्यूचे अंदाजे वर्ष, मृत्यूचे ठिकाण आणि नोकरी एवढे रकाने असावेत. मृत्यूचे ठिकाण हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. जन्म किहीमचा असला तरी माणूस गिरणीत, रेल्वेत किंवा पलटणीत असताना वारला असेल, तर दफन त्याच गावी किंवा त्याच छावणीत झालेले असते. मुंबईत स्थायिक झालेल्या अनेक बेने इस्रायली कुटुंबांच्या कबरी वरळीच्या कब्रस्तानात आहेत. कोकणातल्या गावी त्या शोधण्यात अर्थ नाही.

आडनावांबाबत गटाला आधीच समजावून सांगावे लागते. बेने इस्रायली आडनावे बहुतेक गावांवरून आली आहेत. किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, आवासचे आवासकर, मापगावचे मापगावकर, नवगावचे नवगावकर, अष्टमीचे आष्टमकर ही त्यांतली काही आहेत. मांडव्याहून अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाट्या वाचत गेले, तरी अर्धी यादी डोळ्यांखालून जाते. पण आडनाव कुटुंबाचे मूळ गाव सांगते, दफनाचे ठिकाण सांगत नाही. त्या गावातून कुटुंब बाहेर पडल्यावरच हे आडनाव बाहेरच्या लोकांच्या तोंडी रूढ झालेले असते, त्यामुळे केहीमकरांची कबर किहीमपेक्षा रेवदंड्याला किंवा पनवेलला सापडण्याची शक्यता पुष्कळदा जास्त असते. शिवाय यांतली काही आडनावे हिंदू कुटुंबांतही आहेत, तेव्हा केवळ आडनाव जुळले म्हणून नाते जोडू नये.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. शहरात गेलेल्या अनेकांनी गावावरून आलेले आडनाव सोडून वडिलांचे नाव हेच आडनाव म्हणून वापरले. मुंबईचे महापौर राहिलेले डॉ. ई. मोझेस यांचे घराणे राजपूरकरांचे. त्यांच्या नावाच्या वरळीतल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही. कवी निस्सीम इझिकेल यांचे घराणे तळकरांचे. तेव्हा ज्या कुटुंबाला आज ‘मोझेस’, ‘सॅम्युएल’ किंवा ‘डेव्हिड’ एवढेच आडनाव आहे, त्याने गावाचे आडनाव आधी शोधून काढावे. लग्नाचा करारनामा म्हणजे केतुबा, जुने शाळा सोडल्याचे दाखले, पेन्शनची कागदपत्रे आणि सिनेगॉगच्या वर्गणीच्या वह्या यांत ते बहुधा मिळते.

व्यक्तिनामांचीही दोन रूपे असतात. धर्मविधीत वापरले जाणारे हिब्रू नाव एक आणि गावात हाक मारण्याचे नाव दुसरे. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा आबाजी अशी ही रूपे होती. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे जुन्या कागदांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून भेटतात. एकाच माणसाच्या दगडावर हिब्रू ओळीत एक नाव आणि मराठी ओळीत दुसरे, असे असेल तर ती दोन माणसे समजण्याची चूक सर्वांत सहज होते. स्त्रियांच्या बाबतीत काम आणखी अवघड आहे. त्यांची रोजची नावे आसपासच्या मराठी घरांतल्यासारखीच असत, लग्नानंतर नाव बदलले जाई, आणि दगडावर पुष्कळदा ‘अमक्याची पत्नी’ एवढीच ओळख उरते. म्हणून माहेरचे आडनाव घरातल्या वयस्कर स्त्रियांना विचारून आधी लिहून ठेवावे. ते एकदा विसरले गेले की दगड परत सांगत नाही.

कागदपत्रांच्या शोधात गाव कोणत्या अमलाखाली होते, हे पाहावे लागते. अलिबागचा परिसर आंग्रे यांच्या कुलाबा संस्थानात होता आणि ते संस्थान १८४० मध्ये कंपनी सरकारने खालसा केले. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दींकडे होता. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला, त्याआधीचा कारभार ठाण्याशी जोडलेला होता. आणि रायगड हे नाव १९८१ पासूनचे आहे. त्यामुळे ‘रायगड’ या नावाखाली एकोणिसाव्या शतकातले दप्तर शोधत बसणाऱ्याला काहीच मिळत नाही. जुने महसुली कागद मोडीत असतात, तेव्हा गटात मोडी वाचणारी एक तरी व्यक्ती असणे फार मोलाचे ठरते. आणखी एक सूचना अशी की, समाजातले जुने लोक सिनेगॉगला मशीद म्हणत. मुंबईतल्या पहिल्या सिनेगॉगला आजही जुनी मशीद म्हटले जाते. जुन्या वहीत ‘मशिदीस वर्गणी’ अशी नोंद दिसली, तर ती दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाची समजून बाजूला टाकू नये. तसेच मुकादम (प्रमुख), चौगुला (त्याचा मदतनीस), गब्बाई (खजिनदार), हज्जान (प्रार्थना चालवणारा), काजी (धर्मविधी करणारा) ही समाजातल्या पदांची नावे आहेत. दगडावर किंवा वहीत ती आढळली, तर त्या गावच्या मंडळीत त्या माणसाचे स्थान काय होते ते कळते.

परवानगी आणि दिवसाची निवड

कब्रस्तान उघडे दिसले, कुंपण पडलेले असले, तरी ती समाजाची जागा आहे. जवळच्या सिनेगॉगच्या विश्वस्तांना किमान महिनाभर आधी पत्र लिहावे. अलिबागच्या इस्राएल आळीतील मागेन अबोत या सिनेगॉगची स्थापना १८४८ मधली असून आजची इमारत १९१० ची आहे. त्या परिसरातल्या भेटीची चौकशी तिथूनच सुरू करणे योग्य. पत्रात गटाचा हेतू, लोकांची संख्या, छायाचित्रे काढणार की नाही, ती कुठे ठेवणार आणि दगडांना हात लावणार की नाही, हे स्पष्ट लिहावे. छायाचित्रांची एक पूर्ण प्रत विश्वस्तांना देण्याचे वचन पत्रातच द्यावे आणि ते पाळावे. गावातल्या राखणदाराची भेट आदल्या दिवशी घ्यावी. कोणत्या कोपऱ्यात झाडी वाढली आहे, कोणत्या वर्षी भिंत पडली, कोणाचे नातेवाईक नुकतेच येऊन गेले, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. त्याच्या वेळेचा मोबदला गटाच्या खर्चात आधीच धरावा.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस असतो, त्या काळात भेट ठेवू नये. पेसाह, रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोत या सणांचे दिवसही टाळावेत. ज्यू पंचांग चांद्र-सौर असल्याने या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीचे पंचांग पाहूनच दिवस ठरवावा. रविवार सोयीचा वाटतो, पण रविवारी मांडव्याच्या बोटी आणि अलिबागचा रस्ता दोन्ही पर्यटकांनी भरलेले असतात. गटातल्या लोकांना रजा मिळत असेल, तर आठवड्याच्या मधला दिवस घ्यावा.

ऋतूचा विचार यापेक्षा महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ चढते आणि पाऊस संपल्यावर दिवाळीपर्यंत गवत कमरेइतके असते. कोकणातल्या अशा गवतात आणि जांभ्याच्या फटींत फुरसे असण्याची शक्यता गृहीत धरूनच चालावे. गवत वाळून कापले गेल्यावर, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्या महिन्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन बराच वेळ मिळते, हा वाचनाच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. सर्वांनी घोटे झाकणारे बूट घालावेत, पुढे जाणाऱ्याच्या हातात काठी असावी, कोसळलेला दगड उचलून पाहण्याचा मोह कोणी करू नये, आणि जवळचे शासकीय रुग्णालय कोणते व तिथे किती वेळात पोहोचता येईल, हे गटप्रमुखाला ठाऊक असावे.

जागेवरचे वर्तन आणि मार्गदर्शकाचे काम

आत शिरताना सर्वांनी डोके झाकावे. पुरुषांसाठी टोपी आणि स्त्रियांसाठी ओढणी किंवा रुमाल पुरेसा आहे. कबरीवर पाय देऊ नये, बसू नये, पिशव्या टेकवू नयेत, आत खाऊपिऊ नये. ज्यू रिवाजानुसार भेट देणारा कबरीवर लहानसा खडा ठेवतो आणि बाहेर पडल्यावर हात धुतो, म्हणून फाटकाबाहेर पाण्याची कळशी आणि तांब्या ठेवण्याची व्यवस्था आधीच करावी. फुले, उदबत्ती किंवा दिवा यांबाबत स्वतःच्या मनाने काही करू नये. त्या कुटुंबाला किंवा विश्वस्तांना विचारावे. गटात बाहेरच्या ज्यू समाजातले कोणी कोहेन म्हणजे पुरोहित घराण्याचे असतील, तर ते कब्रस्तानात प्रवेश करत नाहीत. त्यांच्यासाठी फाटकाबाहेर बसण्याची सोय करून नोंदी तपासण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे.

नवगावला समाजाच्या आगमनाच्या परंपरेशी जोडलेले स्मारक आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि किनाऱ्याला लागलेली प्रेते तिथेच पुरली गेली, अशी ही परंपरा आहे. मार्गदर्शकाने ती आदराने सांगावी, मात्र परंपरा म्हणूनच सांगावी. त्या घटनेचे वर्ष ठरवणारा समकालीन कागद उपलब्ध नाही आणि अभ्यासकांत तिच्या काळाबद्दल शतकांचे अंतर असलेली मते आहेत. गटाच्या हाती लागणारी वंशावळ बहुधा एकोणिसाव्या शतकापर्यंत, क्वचित अठराव्यापर्यंत मागे जाते. त्या टोकापासून थेट सात जोडप्यांपर्यंत रेघ ओढणे हा वंशावळीचा अभ्यास नव्हे. या विषयावर चर्चा रंगते आणि दगड वाचण्याचा उन्हाचा वेळ निघून जातो, म्हणून ही माहिती प्रवासातच सांगून टाकलेली बरी.

एका गोष्टीबद्दल मार्गदर्शकाने गटाला सावध करणे आवश्यक आहे. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बीच्या म्हणजे मुख्य धर्मगुरूंच्या कार्यालयाने असा निर्देश काढला की, बेने इस्रायली वधू-वरांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. त्याविरुद्ध समाजाने दीर्घ आंदोलन केले आणि १९६४ मध्ये इस्रायल सरकारने बेने इस्रायली सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचे जाहीर केले. ज्या पिढीने ही चौकशी सोसली, तिला ‘तुमची आजी कोणत्या घरातली?’ हा प्रश्न निरुपद्रवी वाटत नाही. समाजात पूर्वी गोरे आणि काळे इस्रायली असाही भेद मानला जाई आणि त्यामागे मिश्र विवाहांचा आरोप असे. नोंदी घेताना हा भेद सुचवणारी ऐकीव माहिती कोणाच्या नावापुढे लिहू नये. प्रश्न विचारताना आधी आपण हे कशासाठी विचारत आहोत ते सांगावे, आणि समोरच्याने विषय टाळला तर तो तिथेच सोडावा.

दगड कसा वाचावा

कोकणातल्या जुन्या कबरींचा चबुतरा पुष्कळदा जांभ्याचा असतो. जांभ्यावर बारीक अक्षर टिकत नाही, म्हणून लेख कोरायचा असेल तर काळ्या दगडाची किंवा संगमरवराची पाटी बसवली जाई. पाटी गळून पडलेली असेल, तर तिची खाच रिकामी दिसते. अशी रिकामी खाच हीसुद्धा नोंद आहे आणि ती नकाशावर दाखवावी. लेख नसलेल्या कबरींची संख्या मोठी असू शकते, आणि लेख असलेल्याच कबरी मोजणारा गट गावातल्या गरीब घरांना यादीतून नकळत वगळतो.

अस्पष्ट अक्षर वाचण्यासाठी लागते ते तिरपा उजेड. सकाळी किंवा चारच्या सुमारास ऊन बाजूने पडले की झिजलेले अक्षरही सावलीने उठून दिसते. दगड सावलीत असेल, तर मोठा आरसा किंवा चंदेरी कागद लावलेला पुठ्ठा उन्हात धरून उजेड बाजूने पाडावा. धूळ मऊ ब्रशने झटकावी आणि फार तर साध्या पाण्याचा फवारा मारावा. तारेचा ब्रश, आम्ल, साबण, खडू, पीठ, दाढीचा फेस यांतले काहीही दगडाला लावू नये. खडूने भरलेले अक्षर छायाचित्रात छान दिसते हे खरे, पण घासताना उरलेसुरले कोरीव काम जाते आणि भरणारा माणूस स्वतःच्या समजुतीप्रमाणे अक्षर पूर्ण करतो, हा दोष मला त्याहून मोठा वाटतो. शेवाळ खरवडून काढण्याचा निर्णय गटाने घेऊ नये. ते काम विश्वस्तांच्या संमतीने जाणकाराकडून व्हावे.

लेखात हिब्रू, मराठी आणि इंग्रजी यांपैकी एक, दोन किंवा तिन्ही भाषा असतात. हिब्रू येत नसणाऱ्यालाही थोड्या तयारीने बराच मजकूर ओळखता येतो. ओळ उजवीकडून वाचायची. सर्वांत वर पे आणि नून ही दोन अक्षरे असली, तर ‘येथे दफन केले आहे’ असा अर्थ. शेवटी ताव, नून, त्सादी, बेत, हे अशी पाच अक्षरे दिसली, तर ती ‘आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो’ या अर्थाच्या बायबलमधल्या वचनाची आद्याक्षरे आहेत. दोन नावांच्या मधला ‘बेन’ म्हणजे मुलगा आणि ‘बत’ म्हणजे मुलगी. या एका शब्दावरून वडिलांचे नाव मिळते, म्हणून हिब्रू ओळ कितीही झिजलेली असली तरी सोडू नये. मराठी ओळीत कधी मृताचे नाव आणि आडनाव एवढेच असते, वडील हिब्रूतच असतात.

हिब्रू वर्ष अक्षरांत लिहितात. आलेफपासून तेतपर्यंतची नऊ अक्षरे १ ते ९, योदपासून त्सादीपर्यंतची १० ते ९०, आणि कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. पाच हजारांचा आकडा सहसा गाळलेला असतो. अक्षरांची बेरीज करून तिच्यात १२४० मिळवले की इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ ताव, रेश, सामेख म्हणजे ४००, २०० आणि ६०, एकूण ६६०; त्यात १२४० मिळवून १९००. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तिशरी महिन्यात सुरू होते, म्हणून तिशरी, हेश्वान, किस्लेव आणि कधी तेवेत या महिन्यांतल्या मृत्यूसाठी १२३९ मिळवावे लागतात. महिन्याच्या तारखेत १५ हा आकडा ९ आणि ६, तर १६ हा आकडा ९ आणि ७ असा लिहितात, कारण सरळ लिहिल्यास देवाच्या नावातली अक्षरे जुळतात. दालेत आणि रेश, बेत आणि काफ, हे आणि हेत या जोड्या झिजलेल्या दगडावर एकसारख्या दिसतात. ‘हे’ म्हणजे ५ आणि ‘हेत’ म्हणजे ८, त्यामुळे एका रेघेच्या फटीवर १८९५ की १८९८ हे अवलंबून असते.

त्याच दगडावर इंग्रजी तारीखही असेल, तर दोन्ही तारखा पडताळून पाहाव्यात. एका दिवसाचा फरक आला म्हणून घाबरू नये. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे रात्री आठ वाजता झालेल्या मृत्यूची हिब्रू तारीख पुढच्या दिवसाची असते. या फरकावरून मृत्यू सूर्यास्तानंतर झाला असावा, असा अंदाज बांधता येतो. फरक महिन्यांचा किंवा वर्षांचा असेल, तर पाथरवटाची चूक, वाचणाऱ्याची चूक किंवा दगड पुष्कळ वर्षांनी बसवलेला, अशा तिन्ही शक्यता नोंदवाव्यात.

मराठी लेखांतही जुने वळण असते. अ, झ, ण यांची जुनी रूपे, देवनागरी अंकांतले १ आणि ९, ५ आणि ६ यांचा घोटाळा, ‘ता.’, ‘मु.’, ‘कै.’, ‘रा. रा.’ अशी संक्षिप्त रूपे यांची ओळख गटाला आधी करून द्यावी. शकाचे वर्ष आढळल्यास चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि त्यानंतर फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावेत.

लष्करी हुद्दा दिसला तर तिथे जरा थांबावे. मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींत बेने इस्रायली शिपायांची आणि अधिकाऱ्यांची मोठी परंपरा होती. हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर हे हुद्दे दगडांवर येतात. ‘सरदार बहादूर’ ही पदवी १८३७ मध्ये सुरू झालेल्या ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया या सन्मानाच्या पहिल्या वर्गाबरोबर आणि ‘बहादूर’ ही दुसऱ्या वर्गाबरोबर मिळत असे. म्हणजे नावापुढे या पदवीचा एक शब्द असला, तरी त्या माणसाचा शोध लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरांपर्यंत नेता येतो. पलटणीचा क्रमांक असेल तर तो आकडा दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा, कारण पलटणींचे क्रमांक पुढे बदलले आणि चुकीच्या क्रमांकावरून सगळा शोध भलत्याच छावणीत जातो.

नोंद कशी ठेवावी

गटाचे तिघा-तिघांचे संच करावेत. एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने छायाचित्र काढावे, आणि दर तासाला कामे बदलावीत. सुरुवातीला जागेचा हातनकाशा काढून फाटक, विहीर, मोठे झाड अशा खुणा दाखवाव्यात, ओळींना अक्षरे आणि कबरींना क्रमांक द्यावेत. प्रत्येक कबरीची किमान तीन छायाचित्रे असावीत : क्रमांकाच्या पाटीसह संपूर्ण कबर, लेखाचे जवळून घेतलेले चित्र आणि शेजारच्या कबरी दिसतील असे दुरून घेतलेले चित्र. तिसरे चित्र बहुतेक जण टाळतात, पण पुढे तेच उपयोगी पडते. शेजारी कोण आहे यावरून नवरा-बायको, सासू-सून, एकाच साथीत गेलेली भावंडे यांचा माग लागतो. शेजारच्या कबरीवरून नाते सिद्ध होत नाही, पण कोणत्या वहीत पाहायचे ते कळते.

लेख जसा आहे तसाच उतरवावा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले असले तरी सुधारू नयेत, ओळ जिथे तुटते तिथेच तोडावी, न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी चौकटी कंस टाकावा आणि अंदाज वेगळ्या रकान्यात लिहावा. ‘आमच्या पणजोबांचे नाव हेच असणार’ अशा खात्रीने भरलेले अक्षर पुढच्या अभ्यासकाला सर्वांत जास्त फसवते. म्हणून माझ्या मते प्रत्येक सदस्याने स्वतःच्या घराण्याचा दगड दुसऱ्याकडून वाचून घ्यावा, हा नियम गटाने कडकपणे पाळावा. हिब्रू मजकुराची जाणकाराकडून तपासणी होईपर्यंत तो तात्पुरता समजावा.

परतल्यानंतर

पहिल्या आठवड्यातच छायाचित्रांना कबरीच्या क्रमांकानुसार नावे द्यावीत. उशीर झाला की कोणता दगड कोणत्या ओळीतला होता, हे आठवत नाही. मग दगडांवरची नावे कागदांशी ताडावीत. जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या रजिस्टरात, सुंता करणाऱ्या मोहेलच्या वहीत, सिनेगॉगच्या विवाहनोंदीत आणि घरातल्या जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या कोऱ्या पानांवर शोधता येतात. या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहून ठेवलेल्या घरांत कधी तीन पिढ्यांचा क्रम एका जागी मिळतो, म्हणून ज्येष्ठांकडे जुनी पुस्तके आहेत का, हे आवर्जून विचारावे. समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवणारे हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यातली आडनावांची आणि चालीरीतींची माहिती संदर्भासाठी हाताशी ठेवावी.

माहिती प्रसिद्ध करण्यापूर्वी जिवंत व्यक्तींची नावे, पत्ते आणि नाती वगळावीत. जगभरच्या ज्यू दफनांच्या नोंदी एकत्र करणारी ज्यूइशजेन या ज्यू वंशावळींच्या संकेतस्थळाची सूची आहे आणि तीत यादी देता येते, मात्र विश्वस्तांची लेखी संमती घेतल्यावरच. छायाचित्रे, नकाशा आणि वाचलेले लेख यांची एक छापील प्रत सिनेगॉगला, एक तालुक्याच्या वाचनालयाला आणि एकेक गटाच्या दोन वेगवेगळ्या शहरांतल्या सदस्यांकडे ठेवावी. प्रतीच्या पहिल्या पानावर भेटीची तारीख, वाचणाऱ्यांची नावे आणि कोणत्या ओळी गवतामुळे पाहता आल्या नाहीत, हे लिहावे, म्हणजे पुढचा गट त्याच ओळींपासून काम सुरू करू शकेल.